कौसल्याच्या टोळीची अट

माझ्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी कितीतरी वर्षं एकच वाक्य लिहिलं होतं: ‘वाणी मधुर, उद्दिष्टपूर्ती उत्तम.’ निवृत्त होताना त्याच्या नकला हातात आल्या तेव्हा मी ते वाक्य घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझे यजमान म्हणाले, “पहिला अर्धा भाग आम्हाला कधी दिसला नाही.” ते यवतमाळला कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे दुसऱ्याच्या शेऱ्यावर शेरा मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पण अहवाल खरा होता. मी आरोग्य खात्यात आधी नर्स होते, मग नर्सांवर देखरेख करणारी आरोग्य सहाय्यिका झाले, आणि जे काही केलं ते तोंडाच्या जोरावर केलं. इंजेक्शन टोचायला अर्धं मिनिट लागतं. ते टोचून घ्यायला एखाद्या बाईला तयार करायचं तर तिच्या ओट्यावर बसून चार वेळा चहा प्यावा लागतो.

उद्दिष्ट म्हणजे काय, ते खात्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या काळी उद्दिष्ट म्हणजे कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया. खेड्यात तिला नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणतात. मार्च जवळ आला की आम्ही दारोदार फिरायचो आणि दोन-तीन लेकरं झालेली बाई दिसली की माझी जीभ सुरू व्हायची. बायकांना भीती एकच असायची, की एकदा दवाखान्याच्या नादी लागलं की चकरा संपत नाहीत. त्यावर माझ्याकडे हुकमी वाक्य होतं: “एकदा ऑपरेशन करून घे, मग जन्मात दवाखान्याची पायरी चढायचं काम नाही.” बोरी अरबच्या बाजारात, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे संधी मिळाली तिथे मी ते बोलले. बाई हमखास वळायची. नव्या पोरी नोकरीला लागल्या की मी त्यांना हे वाक्य शिकवायची, आणि तेही मोठ्या ऐटीत.

पार्वताबाई नावाची एक बाई माझ्या या वाक्याने तयार झालेली होती. बऱ्याच वर्षांनी, कापसाने शेतकऱ्यांना बुडवलं त्या वाईट वर्षांत, ती आमच्या आरोग्य केंद्रात आली. तिला बैलगाडीतून उतरवून घ्यावं लागलं. अंगावरून जाणं कितीतरी महिन्यांपासून सुरू होतं, वास येत होता, पायांवर सूज होती. मी तिला घाईने आत घेतलं आणि रागावलेच, “इतके दिवस घरात काय बसून राहिलीस?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, “तुमीच तं म्हणलं होतं बाई, ऑपरेशन झालं का दवाखान्याची पायरी चढा लागत नाई. मले वाटलं, माहं तं ऑपरेशन झालं हाय.”

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. नागपूरला पाठवलं, पण तिथल्या डॉक्टरांच्याही हातात फारसं उरलं नव्हतं. ती गेली. तिने मला दोष दिला नव्हता, नुसतं कारण सांगितलं होतं, आणि तेच मला सहन होईना. घरी यजमानांना सांगितलं तर ते यावेळी शेरा न मारता उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संस्थेचा प्रकल्प आमच्या भागात आला. तीस ते साठ वयाच्या बायकांच्या गर्भाशयाचं तोंड तपासायचं आणि कॅन्सर व्हायच्या आधीच तो हुडकून काढायचा. यवतमाळहून एक डॉक्टर मॅडम गाडी घेऊन येणार, आठवड्यातला एकेक दिवस एकेका ठिकाणी. सोबत अनुभवी नर्स हवी होती. मी स्वतः अर्ज केला. आमच्या साहेबांना आश्चर्य वाटलं, कारण त्या कामाला ना उद्दिष्ट होतं ना शाबासकी.

काम फार सोपं आहे, आणि सोपं आहे हेच लोकांना पटत नाही. हा कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी कित्येक वर्षं त्या जागी नुसता एक डाग असतो. तो दुखत नाही, खुपत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. मग करायचं काय? बाईला टेबलावर झोपवायचं, आतली जागा दिसेल असं उपकरण लावायचं आणि कापसाचा बोळा पातळ सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवून त्या जागी लावायचा. मग एक मिनिट थांबायचं. जागा निरोगी असेल तर गुलाबी राहते. बिघडलेली असेल तर तेवढाच भाग पांढरा पडतो. पांढरा भाग दिसला की मॅडमकडे एक यंत्र होतं, त्यातून थंडगार वायू सोडून ती जागा गोठवून टाकायची. भूल नाही, टाका नाही, बाई चालत घरी जाते. ज्या जिल्ह्यात कापसापायी सगळे डोकं धरून बसले होते तिथे कापसाच्या एका बोळ्यावर बाईचा जीव वाचतो, हे मला भारी आवडलं होतं.

पहिल्या शिबिराला आम्ही दवंडी दिली, मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. अकरा बायका आल्या. त्यातल्या आठ आमच्याच अंगणवाड्यांच्या सेविका आणि मदतनीस होत्या, त्यांना यावंच लागलं. एक म्हातारी डोळे तपासायला आली होती. उरलेल्या दोघी बराच वेळ बसल्या आणि मग त्यातल्या एकीने विचारलं, “यादीत नाव कोठी लिहून राह्यले?” त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पांढऱ्या गाड्या फार यायच्या. कुणी पाहणी करायचं, कुणी फोटो काढायचं, कुणी फॉर्म भरून न्यायचं. गाडी दिसली की लोक समजायचे, पुन्हा मदतीची यादी होणार. आमचीही गाडी पांढरीच होती.

मी घरोघर गेले. “काहून नाही आलात गं?” असं विचारलं की जिथे तिथे एकच उत्तर: “माहं ऑपरेशन झालं हाय.” एकीने तर मला समजावून सांगितलं, “पिशवी तं तुमीच बंद केली ना बाई. आता बंद पेटीत काय पाहता?” चाळिशीच्या पुढच्या बहुतेक बायकांचं ऑपरेशन झालेलं. आणि ज्यांना तपासायचं होतं त्या नेमक्या ह्याच. मी आणि माझ्यासारख्या नर्सांनी वीस वर्षं खपून त्यांना दवाखान्यातून कायमचं मोकळं केलं होतं. ऑपरेशनने नळ्या बांधतात, गर्भाशय आणि त्याचं तोंड जागच्या जागी असतं, हे आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, आणि न विचारलेलं सांगत बसलं असतं तर उद्दिष्ट कसं पुरं झालं असतं?

या घरोघरच्या फेऱ्यांत मी कौसल्याकडे गेले. कौसल्या म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की वावराच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक दिली तर पलीकडच्या धुऱ्यावरचे बैल कान टवकारतील. तिच्या टोळीत वीसेक बायका. कुणाच्या वावरात जायचं, कधी जायचं, चहा कुणी द्यायचा, न्यायला गाडी कुणी पाठवायची, सगळं ती ठरवायची. तिचंही ऑपरेशन मीच करवलं होतं, तिसऱ्या मुलीच्या वेळी, आणि तिला माझा लळा होता. “तुम्ही म्हणता तं येतो,” असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी आली. एकटीच आली, टोळीला न सांगता.

मॅडमनी सिरका लावला. एक मिनिट झालं आणि पांढरा डाग दिसला. चांगला मोठा, आतल्या बाजूला सरकत चाललेला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. यंत्रातला वायू त्या दिवशी संपला होता, पुढच्या आठवड्यात यायला सांगायचं होतं. कौसल्या टेबलावरून उतरून लुगडं सारखं करत होती. चेहरा जरा उतरलेला होता. आणि माझी मधुर वाणी सुरू झाली. “काही नाही गं, छोटासा डाग आहे. पुढच्या आठवड्यात फुरसत मिळाली की येऊन जा. जरा गार वारा लावू, झालं.” तिचा चेहरा खुलला. ती हसत हसत गेली आणि मला वाटलं, बाईला घाबरू न देता कसं छान सांगितलं.

ती आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आली नाही. वेचणीचा हंगाम लागला होता, आणि टोळी घेऊन ती कुठल्याशा लांबच्या गावाला निघून गेली होती. मॅडम शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी त्यांनी मला थेट विचारलं, “तुम्ही तिला नेमकं काय सांगितलंत?” मी शब्दन् शब्द सांगितला. त्या म्हणाल्या, “सुमनताई, हा डाग आज माझ्या यंत्राने जातो. हंगाम संपेपर्यंत थांबलो तर कदाचित जाणार नाही. मग तिला नागपूरला पाठवावं लागेल, आणि ती जाईल असं तुम्हाला वाटतं का?” ती जाणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पार्वताबाईचं वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

पण टोळी शोधायची कुठे? कौसल्याच्या घरी विचारलं तर तिचा नवरा म्हणाला, “गेली तिकडं कुठी.” तेव्हा मला रेहानाभाभी आठवली. रेहानाभाभी बोरीची बांगड्यावाली. डोक्यावर टोपली घेऊन ती गावोगाव फिरायची, आणि ओट्यावर बसून बायकांचे हात दाबून दाबून बांगड्या चढवायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाला दिवस गेले, कोणती टोळी कुणीकडे गेली, सगळं तिला आमच्या रजिस्टरांच्या आधी कळायचं. बाजाराच्या दिवशी तिला गाठलं. ती म्हणाली, “कौसल्या? वो तो कळंबकडं गेली ना. माझं माहेर हाय तिकडं, परवाच चुड्या भरून आली मी त्याहिले. वामनराव म्हणून हायेत, त्याहिच्या वावरात हाय टोळी. काहून, काय झालं?”  तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बाई, तुमचा चेहराच सांगून राह्यला. जा लवकर.”

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने कळंबला उतरले आणि पुढे एका ऑटोत बसून वामनरावांच्या वावराच्या फाट्यावर गेले. तिथून पायी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून पांढरी झाली होती आणि बायका कमरेला ओट्या बांधून रांगेने वेचत होत्या. कौसल्याने मला लांबूनच ओळखलं.

“अवं बाई, तुमी इकडं कोठी?”

“तुझ्यासाठी आले.”

“माह्यासाठी? काहून?”

वाटेत मी बोलायची तयारी केली होती. आधी मुलींची चौकशी, मग हवापाणी, मग हळूच विषय. पण तिच्यासमोर उभी राहिले आणि ते सगळं गळून गेलं. म्हणाले, “कौसल्या, तुझा डाग साधा नाही. मी तुला खोटं सांगितलं.”

तिचे हात थांबले नाहीत. एक बोंड, दुसरं बोंड, ओटीत. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “कॅन्सर हाय काय?”

“आज नाही. पण तसाच ठेवला तर होईल. आत्ता यंत्र लावलं तर जाईल. उशीर केला तर त्याने भागणार नाही.”

“मंग तवा काहून नाई सांगतलं?”

“तू घाबरशील म्हणून.”

आता ती वळली. “भेली असती तं आली नसती काय मी? भेलेलं मानूस पयले येते. तुमी म्हणलं काई नाई, मी म्हणलं काई नाई तं कायले जाव. वेचणी सोडून?”  तिने ओटीची गाठ आवळली आणि विचारलं, “आन थे ऑपरेशनचं? पायरी चढा लागत नाई म्हणलं होतं, थे?”

“तेही चुकलं माझं.”

मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार. दिलं असतं तर मी निमूट गेले असते. पण तिने दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक दिली, “बायांनो, इकडं या साऱ्या. ओट्या ठेवा खाली.” वीस बायका कपाशीच्या तासातासातून, म्हणजे ओळींमधून, बाहेर आल्या आणि माझ्याभोवती उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्यांना तरी मी नावानिशी ओळखत होते, कारण निम्म्यांची ऑपरेशनं माझ्याच खात्यावर होती. कौसल्या म्हणाली, “बाई, मले जे सांगतलं थे यायच्यासमोर सांगा. पयल्यापासून.”

मी सांगितलं. पार्वताबाईचं सांगितलं. ऑपरेशनमध्ये काय बांधतात आणि काय तसंच राहतं ते एका काडीने जमिनीवर काढून दाखवलं. ‘पायरी चढायचं काम नाही’ हे मी नोकरीपायी बोलत होते आणि ते खोटं होतं, असं स्पष्ट म्हणाले. आयुष्यात मी इतकं रुक्ष कधी बोलले नव्हते.  एक वयस्कर बाई एवढंच म्हणाली, “म्हणजे आमी इतके वर्सं उगाच बिनफिकीर होतो.” आणि मग मागून एका तरण्या पोरीने विचारलं, “बाई, तुमची झाली काय तपासणी?”

माझी झालेली नव्हती. माझंही ऑपरेशन झालेलं होतं. मी “नाही” म्हणाले आणि त्या बायका पोट धरधरून हसल्या. वीस जणींचं ते हसणं मी भर उन्हात उभं राहून ऐकलं. पण त्या हसण्याने काम झालं. रागावलेली बाई निघून जाते, हसलेली बाई थांबते, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. मी म्हणाले, “गुरुवारी मॅडमची गाडी इथे जवळच येते. सगळ्यात आधी मी टेबलावर चढते, मग तुम्ही.”

आता खरी अडचण आली. आभाळ भरून येत होतं आणि वेचणी निम्मी राहिली होती. वामनराव धुऱ्यावर उभे राहून मघापासून हे सगळं पाहत होते, आणि ओट्या जमिनीवर पाहून त्यांचा जीव वरखाली होत होता. कौसल्या त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, “गुरुवारी सकाळी टोळी येणार नाई.”

“अवं माय, आभाळ दिसून नाई राह्यलं काय तुले? कापूस लोंबून राह्यला. एक पाणी पडलं तं काळा पडते सारा.”

“मंग तुमचं ट्रॅक्टर पाठवा. सकाळी नेऊन सोडा, तपासण्या झाल्या का वापस आणा. दुपारून अंधारापर्यंत वेचतो.”

“आन नाई पाठोलं तं?”

“तं दुसऱ्याच्या वावरात जाऊ. या दिसात आमाले कोनी बी बलावते.”

बाहेरच्यांना याचं वजन कळायचं नाही. वर्षभर मजुराने शेतकऱ्याच्या दारी जायचं, पण वेचणीचे ते चार-सहा आठवडे असे असतात की शेतकरी टोळीच्या दारी येतो. एका टोळीला दोन-दोन गावांतून बोलावणी असतात. कौसल्याने या आठवड्यांत चहा मागून घेतला होता, सावलीसाठी मांडव मागून घेतला होता. आता तिने तपासणी मागितली. वामनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे आभाळ मीच आणलं होतं. पण गुरुवारी सकाळी ट्रॅक्टर आला आणि चालवत होते खुद्द वामनराव.

त्या दिवशी मी बोलल्याप्रमाणे आधी स्वतः टेबलावर चढले. पंचवीस वर्षं दुसऱ्या बायकांना “अंग सैल सोड, काही होत नाही” म्हणणारी मी, आणि ते लोखंडी उपकरण लागल्याबरोबर किंचाळले. बर्फासारखं गार होतं. बाहेर बसलेल्या बायकांनी ते ऐकलं आणि पुन्हा हसल्या. माझी जागा गुलाबी निघाली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक शिबिरात स्टोव्हवर कोमट पाण्याचं पातेलं असायचं आणि उपकरण त्यातून काढून, हातावर लावून पाहिल्याशिवाय मी मॅडमना देत नसे. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही, कारण आमच्यातलं कुणी त्या टेबलावर झोपलंच नव्हतं.

कौसल्याच्या डागावर मॅडमनी यंत्र लावलं. तीन मिनिटं गोठवलं, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा तीन मिनिटं. मी तिचा हात धरला होता. हातमोजे काढता काढता मॅडम मला हळूच म्हणाल्या, “वेळेत आली.” टोळीतल्या आणखी एकीचा बारीक डाग निघाला, तोही तिथल्या तिथे गेला. दर दहा मिनिटांनी वामनराव खिडकीशी येऊन आभाळाकडे बोट दाखवत, “सिस्टर, किती झाल्या?” मी इतक्या वर्षांत लोकांना तपासणीला आणायला धडपडले, पण बायकांची तपासणी लवकर व्हावी म्हणून एखादा बाप्या माणूस दारात उभा राहून घाई करतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यात एक गंमत झाली. ज्यांना यंत्र लावलं त्यांना मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं, की जखम भरेपर्यंत महिनाभर नवऱ्यापासून दूर राहायचं. ही बातमी दोन मिनिटांत बाहेर गेली. लगेच तिघी-चौघी आत आल्या. “मॅडम, आमाले बी चिठ्ठी द्या.” मॅडम म्हणाल्या, “तुमचं तर साफ आहे.” त्यातली एक म्हणाली, “साफ असलं म्हणून काय झालं? महिनाभर झोप तं होईन.” मॅडम शहरातल्या, त्यांचे कान लाल झाले. चिठ्ठ्या काही दिल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडून ही हकिगत मी नंतर तीन वेळा ऐकली.

दुपारी दोनला ट्रॅक्टर परत गेला. पाणी त्या दिवशी पडलं नाही. पुढच्याच गुरुवारी वामनरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतः सासूला आणि जावेला घेऊन शिबिरात आल्या. मान ताठ, आणि पहिलंच वाक्य, “मजूर बायायच्या तपासण्या झाल्या, आमच्या काहून नाई? आमी काय वाऱ्यावर हाओत काय?” अशी तक्रार ऐकायला मी जन्मभर आसुसलेली होते. मी त्यांना हात जोडून आत नेलं.

यानंतर जे झालं त्यात माझं श्रेय थोडं आहे. टोळ्या एकमेकींना बाजारात भेटतात, तशी ही अट पसरत गेली. दुसऱ्या टोळीच्या म्होरकीने आपल्या शेतकऱ्याला सांगितलं, “कौसल्याच्या टोळीले सकाळ देल्ली, आमाले काहून नाई?” त्या हंगामात आमच्या शिबिरात कधी ट्रॉली यायची, कधी मेटॅडोर, एकदा तर बैलगाड्यांची रांग. पुढच्या हंगामात पांढरकवड्याकडूनही निरोप आला, की आमच्या टोळ्यांनी अट घातली आहे, तुमची गाडी कधी येणार? मांडव, दवंडी, खुर्च्या आम्ही बंद केल्या. चाळिशीची बाई आली की मी आता आधी विचारायची, “ऑपरेशन झालं आहे ना? मग तुझी तपासणी झालीच पाहिजे.” नव्या नर्सांनाही मी हे नवं वाक्य शिकवलं. जुनं वाक्य कुणी चुकून बोललं की त्यांच्यासमोर पार्वताबाईचं नाव घ्यायची. तिच्यासाठी मी काही करू शकले नाही, याची टोचणी आजही आहे, आणि ती राहावी असं मला वाटतं.

वर्ष झालं तेव्हा कौसल्याच्या फेरतपासणीची पाळी आली. यंत्र लावलेल्या प्रत्येक बाईने वर्षाने पुन्हा यायचं असतं, कारण कधी कधी डाग परत येतो. ती टोळीला घेऊनच आली. टेबलावर झोपली. मॅडमनी सिरक्याचा बोळा लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. त्या एका मिनिटात मी नेहमी बाईशी गप्पा मारायची, तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. मिनिट संपलं. मॅडम बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग सरळ झाल्या आणि हसल्या. “साफ आहे, कौसल्याबाई. एकदम साफ.”

कौसल्या हलली नाही. कोपरावर जरा उठून तिने माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमी पाह्यलं काय?”

“मॅडमनी पाहिलं ना गं.”

“मॅडम मोठ्या डॉक्टर हायेत. पण मले तुमी सांगा.”

मॅडम बाजूला झाल्या आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मी खाली वाकले. माझे डोळे भरून आले होते, ते पदराने पुसून पुन्हा पाहिलं. सगळीकडून पाहिलं. जागा गुलाबी होती, कुठेही पांढरा ठिपका नव्हता.

“साफ आहे कौसल्या. डाग गेला. पण पुढच्या वर्षी पुन्हा दाखवायचं.”

“काई लपोलं नाई ना?”

“नाही.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग मान हलवली आणि टेबलावरून उतरली. निऱ्या सारख्या केल्या, दार उघडून व्हरांड्यात गेली. तिथे तिची टोळी वाट पाहत बसली होती. मी आत टॉर्च हातात धरून उभी होते आणि तिचा तो वावरभर जाणारा आवाज मला ऐकू आला.

“साफ हाय बायांनो. बाईनं सांगतलं.”